मला पुन्हा बिघडवलं तेव्हा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी दिसायला काही खास नाही. मी एक जुना, बुटका, भिंतीला पाठ टेकून उभा असलेला पियानो आहे. माझ्या उजव्या अंगावर हातभर लांब ओरखडा आहे, झाकणावर गरम कपाचा पांढरा गोल उमटलेला आहे, आणि मला चार लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेलं आहे. त्यामुळे मी टाचा उंचावून कुणाची तरी वाट बघतोय असं वाटतं. माझ्याकडे बावन्न पांढऱ्या आणि छत्तीस काळ्या पट्ट्या आहेत. त्यांतल्या सत्त्याऐंशी अगदी शहाण्यासारख्या वाजतात. उरलेल्या एकीची ही गोष्ट आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे भुशाचा आणि सरसाचा वास भरून राहिलेला असे. ज्या कारागिराने माझ्या दोनशेवर तारा ताणल्या तो मोठा कमी बोलायचा. काम झाल्यावर त्याने माझ्या पाठीच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावून ऐकलं, आणि मान हलवली. बस्स, एवढंच कौतुक. पण मित्रांनो, खरं सांगतो, पुढे लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हाही त्या मान हलवण्याची सर कशाला आली नाही. माझ्या प्रत्येक पट्टीखाली त्याने लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याची एक छोटी गोल चकती बसवली होती. पट्टी दाबली की ती या गादीवर टेकते, आणि म्हणून लाकडाचा आवाज न होता नुसता सूर ऐकू येतो. ही चकती लक्षात ठेवा.

पहिल्यांदा मला विकत घेतलं ते एका दातांच्या डॉक्टरांनी. माझ्या पांढऱ्या पट्ट्यांवरून नजर फिरवून ते म्हणाले होते की एकाही दाताला कीड नाही. त्यांच्या दोन मुली एक हिवाळाभर माझ्यापुढे बसल्या, बोटं मोजत रडल्या, आणि नंतर सायकल शिकायला गेल्या त्या गेल्याच. मग मी शोभेची वस्तू झालो. माझ्यावर फोटो आले, फुलदाणी आली, गाडीच्या किल्ल्या आल्या, आणि एकदा तो कप. बावीस वर्षं माझं झाकण कुणी उघडलं नाही. पाहुणे विचारायचे, वाजतो का हो हा? डॉक्टर म्हणायचे, वाजतो की, मस्त वाजतो. कुणी वाजवून बघायचे मात्र कष्ट घेत नसे. बंद झाकणाखाली अंधारात कसर लागली, आणि तिने नेमकी मधोमधची, कुलपाच्या भोकासमोरची पट्टी गाठली. तिच्याखालची चकती कसरीने अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी धूळ आणि मळ खाऊन दगडासारखी कडक झाली. तेव्हापासून ती पट्टी दाबली की आधी 'टक' असा आवाज यायचा आणि मग सूर. दारावर टकटक करून मग आत येणाऱ्या पाहुण्यासारखी तिची रीत होती. मला तिची फार लाज वाटायची.

डॉक्टरांनी घर बदललं तेव्हा नव्या घरात मला जागा नव्हती. त्यांनी मला एका शाळेला देऊन टाकलं. टेम्पोतून उतरवताना दाराच्या कोयंड्याने माझ्या अंगावर तो ओरखडा काढला. हमालांपैकी एकजण म्हणाला, जाऊ दे, शाळेत कोण बघतंय. मी मनात म्हटलं, संपलं आपलं. आता पोरं लाथा घालणार.

मित्रांनो, ही शाळा वेगळी होती. इथली काही मुलं बोलत नसत, काहींना ऐकू येत नसे, काहींचे हातपाय मनासारखे चालत नसत, आणि काहींना साधा पंख्याचा आवाजही सहन होत नसे. मला तळमजल्यावरच्या एका खोलीत ठेवलं. तिथे पूर्वी जुनी बाकं रचून ठेवत. खोलीला एक खिडकी होती, एक दार होतं, आणि दाराबाहेर लांब व्हरांडा. व्हरांड्यात पालकांसाठी एक लाकडी बाक होता.

संगीत शिकवायला एक बाई होत्या. आधी त्या एका मोठ्या संगीत शाळेत शिकवायच्या. तिथे परीक्षा असत, प्रमाणपत्रं असत, पाठ ताठ ठेवून बसायचे नियम असत. इथे पहिल्याच दिवशी त्यांनी काय केलं असेल? माझ्या पुढची फळीच काढून टाकली! माझं सगळं अंतरंग उघडं पडलं. मला तर चारचौघांत सदरा काढल्यासारखं झालं. पण मुलं पुढे सरकली. पट्टी दाबली की आत हातोडी उडी मारते आणि तारेला टप्पल देऊन परत येते, हे बघून त्यांचे डोळे मोठे झाले. मग मी ठरवलं, जाऊ दे ती लाज.

एका मुलीला सगळे 'मिठी' म्हणायचे, कारण ती आल्या आल्या मला मिठी मारायची. माझ्या गालावर, म्हणजे जिथे तो ओरखडा आहे तिथे, पापा घ्यायची आणि मगच स्टुलावर बसायची. तिला एक ओळ शिकायला तीन महिने लागले. पण एकदा शिकल्यावर ती ओळ तिने शाळेच्या शिपायापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाला ऐकवली. एक मुलगा चाकांच्या खुर्चीतून यायचा. त्याचा एकच हात चालत होता, बोलताना एकेका शब्दाला त्याला वेळ लागायचा, पण रुबाब असा की सगळे त्याला 'कप्तान' म्हणत. त्याची खुर्ची माझ्याखाली शिरत नव्हती. तेव्हा शाळेतल्या मावशींनी सुताराला धरून आणलं आणि मला ठोकळ्यांवर चढवलं. मावशी म्हणाल्या, पोरगं वाकणार नाही, पियानोनेच उंच व्हायचं. त्या रोज मला ओल्या फडक्याने पुसायच्या, बाई रोज कोरडं फडकं घ्या म्हणून सांगायच्या, आणि दोघी आपापलं खरं करायच्या.

बाईंची शिकवायची पद्धत अशी होती की तिला पद्धत म्हणावं की नाही, असा प्रश्न पडावा. भिंतीवर चित्रांची पाटी होती: आधी नमस्कार, मग हात चोळायचे, मग वाजवायचं, मग झाकण लावायचं. हा क्रम कधी म्हणजे कधी बदलायचा नाही. बाकी सगळं मुलाच्या कलाने. कप्तान एका हाताने वाजवायचा तर बाई त्याचा दुसरा हात व्हायच्या. ऐकू न येणारा एक मुलगा माझ्या पाठीला गाल लावून उभा राहायचा आणि बाई खालचे जाड सूर वाजवायच्या. तो हसायचा. माझ्या आतला तो सगळा थरथराट त्याच्या गालात जायचा, आणि मलाही गुदगुल्या व्हायच्या.

एका गोष्टीने मात्र बाई बेजार व्हायच्या. माझ्या त्या टक करणाऱ्या पट्टीने. त्यांचा कान फार हळवा होता. टक झालं की त्यांच्या कपाळावर बारीक आठी यायची, भातात खडा लागावा तशी. तीन वर्षं त्या कार्यालयात अर्ज देत होत्या की पियानो दुरुस्त करून घ्या.

आणि मग भिंगरी आली.

भिंगरी म्हणजे दहा वर्षांची एक मुलगी. ती बोलत नसे. कुणी हात धरला तर अंगावर निखारा पडल्यासारखी हात झटकून घ्यायची. आईचाही, वडिलांचाही. घाबरली, दमली किंवा आनंद झाला की जागच्या जागी गोल गोल फिरायची, म्हणून ती भिंगरी. तिचे वडील शिंपी होते. शाळेत शिकवणारे सगळे सर नाहीतर बाई होते, मास्तर मात्र एकटे तेच. सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ते तिला घेऊन यायचे, आणि वेळ फुकट जाऊ नये म्हणून बाकावर बसून शर्टांची काजं करायचे. सुई टोचू नये म्हणून बोटात पत्र्याचं अंगुस्तान, ओठांत टाचण्या, मांडीवर कापड. भिंगरीची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिची सकाळची पाळी असल्याने तिला कधी येता येत नसे.

चार महिने भिंगरी खोलीत आलीच नाही. व्हरांड्यात फिरत राहायची. बाईंनी एकदाही हाक मारली नाही, हात धरून आणायचा तर प्रश्नच नव्हता. त्या दार उघडं ठेवायच्या आणि भिंगरी दारासमोरून गेली की एक पट्टी वाजवायच्या. रोज वेगळी. कधी वरची, कधी खालची. भिंगरी ढुंकूनही बघायची नाही. एके दिवशी बाईंचं बोट चुकून मधल्या पट्टीवर पडलं. टक, आणि मग सूर.

भिंगरी थांबली. दारात आली. थोडा वेळ उंबऱ्यावर उभी राहिली. मग सरळ माझ्यापाशी येऊन तिने ती पट्टी दाबली. पुन्हा दाबली. त्या दिवशी तिने ती किती वेळा दाबली ते मीही मोजलं नाही. पुढे तीन आठवडे ती तेवढी एकच पट्टी वाजवत होती. बाईंच्या कपाळावरची आठी काही जाईना, पण त्या तोंडातून अवाक्षर काढत नव्हत्या. उलट शेजारी जमिनीवर बसून हसत होत्या. मला वाटतं, भिंगरीला ती पट्टी आवडली कारण ती आधी सांगून मग यायची. बाकीचे सूर एकदम अंगावर येतात. ही बिचारी आधी दार वाजवायची.

हळूहळू भिंगरीने शेजारच्या चार पट्ट्या शोधल्या. तिची स्वतःची एक छोटी धून तयार झाली. चार सूर, मग थोडं थांबणं, मग टक. चार सूर, थांबणं, टक. कुणी शिकवली नव्हती. बाईंनी ती तशीच्या तशी शिकून घेतली.

आणि एका शुक्रवारी नवल झालं. भिंगरी वाजवता वाजवता उठली, बाहेर गेली, आणि बाकावर बसलेल्या मास्तरांची बाही ओढू लागली. हात नाही हं, बाही. मास्तर मांडीवरचं कापड सांडत उठले. तिने त्यांना माझ्यासमोर आणलं, अंगुस्तानासकट त्यांचं बोट चिमटीत धरून मधल्या पट्टीवर ठेवलं, आणि लगेच आपला हात काढून घेतला. मग चार सूर वाजवले आणि थांबली. मास्तरांना कळेना. बाईंनी डोळ्याने खूण केली. मास्तरांनी पट्टी दाबली. टक. भिंगरी खुदकन हसली.

मित्रांनो, त्या पोरीने जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी आपणहून बोलावलं होतं. मास्तर त्या दिवशी घरी जाताना कापडाची पिशवी बाकावरच विसरले.

त्यांनी घरी जाऊन सांगितलं तेव्हा भिंगरीच्या आईला आधी खरंच वाटेना. मग तिने रोज तेच तेच विचारायला सुरुवात केली. कुठलं बोट धरलं? हसली म्हणजे कशी हसली? शेवटी तिने मैत्रिणीबरोबर पाळी बदलून एका शुक्रवारची सकाळ मोकळी केली. मास्तरांनी हे बाईंना सांगितलं, तेव्हा बाईंनाही भारी आनंद झाला.

आता दैवाचा खेळ बघा. त्याच आठवड्यात बाईंचा तीन वर्षांचा अर्ज मंजूर झाला. बुधवारी पियानो सुरात लावणारे ट्यूनरकाका आले. चष्मा कपाळावर, हातात हत्यारांची पेटी, आणि बोलणं कमी. बाई त्यांना म्हणाल्या, "सगळं नीट करा काका. परवा एक आई यायची आहे, तिच्या कानावर चांगला सूर पडू दे."

दोन दिवस ट्यूनरकाकांनी माझी सेवा केली. तारा सुरात आणल्या, हातोड्या साफ केल्या, आणि मधल्या पट्टीखालची ती कुजकी चकती चिमट्याने काढून केराच्या टोपलीत टाकली. तिच्या जागी नवी, मऊ, हिरवी चकती बसवली. मधली पट्टी आता लोण्यात बोट जावं तशी खाली जाऊ लागली. मी काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांची लाज धुऊन निघाली. मी नवरदेवासारखा मिरवत उभा होतो. कधी एकदा शुक्रवार उजाडतो असं मला झालं होतं.

शुक्रवारी भिंगरीची आई आली. इस्त्रीचे कपडे, घट्ट विंचरलेले केस, आणि साबणाच्या पाण्याने भेगाळलेले हात. ते हात ती सारखे पदराआड लपवत होती. बाईंनी तिला खोलीत कोपऱ्यात खुर्ची दिली. भिंगरी आली. नमस्कार झाला, हात चोळून झाले. तिने चार सूर वाजवले, थांबली, आणि मधली पट्टी दाबली.

नुसता सूर आला. स्वच्छ, गोल, सुंदर सूर.

तिने पुन्हा दाबली. मग अजून एकदा. मग वाकून पट्टीखाली बघितलं, कान लावला, मुठीने पट्टीवर मारलं. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, पण मी सांगणार कसा आणि कुणाला? भिंगरीने झाकण धाडकन आपटलं, कानांवर हात घेतले, स्वतःच्या मनगटाला चावली, आणि बाहेर पळाली. व्हरांड्यात ती इतकी फिरली, इतकी फिरली की शेवटी खाली पडली.

आई खुर्चीतून उठलीच नाही. बाईंना म्हणाली, "मी आले म्हणून असं झालं. तिला मी नको आहे. मी नाही येणार पुन्हा."

बाईंनी तिला नाना परींनी समजावलं. पण खरं कारण बाईंनाही ठाऊक नव्हतं, मग समजावणार तरी काय? आई डोळे पुसत कामावर निघून गेली. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या सगळ्या तारा सुरात होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्यानंतर सहा आठवडे भिंगरीने उंबरा ओलांडला नाही. मास्तर तिला नेमाने आणायचे आणि मान खाली घालून काजं करायचे. घरी तिची आई आता काही विचारत नाही, असं त्यांनी एकदा बाईंना सांगितलं. बाईंनी दार उघडं ठेवलं, एकेक पट्टी वाजवून बघितली, चित्रांची नवी पाटी केली, खुर्च्या हलवल्या. त्यांनाही वाटू लागलं होतं की त्या दिवशी नवं माणूस खोलीत आणायला नको होतं. करायला गेलं एक आणि झालं भलतंच, असं त्या मावशींना म्हणाल्या. पण गफलत नेमकी कुठे झाली ते त्यांच्या लक्षात येत नव्हतं. येणार तरी कसं? त्यांच्या कानाला तो टक हा खडा होता. भातातला खडा निघाला म्हणून कुणी जेवायचं थांबतं का?

एकाला मात्र पहिल्या दिवसापासून कळलं होतं. कप्तानला. त्याचा तास भिंगरीच्या आधी असायचा, आणि तो दारातून सगळं बघायचा. त्याने सांगायचा प्रयत्नही केला होता. दोन-तीनदा तोंड उघडलं. पण बाई काळजीत होत्या, डोळे व्हरांड्याकडे होते. हो रे राजा, नंतर सांग हं, म्हणून त्या झाकण लावायच्या. सगळ्यांची वाट बघणाऱ्या बाई तेवढं एकदा थांबायला चुकल्या.

शेवटी एका मंगळवारी कप्तानने झाकणाखाली कोपरच घातलं. मावशी खुर्ची ओढायला आल्या तर हलेना. तेव्हा बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. जमिनीवर बसल्या, हात मांडीवर ठेवले, आणि थांबल्या. पुष्कळ वेळ गेला. कप्तानच्या कपाळावर घाम आला.

"बाई," तो म्हणाला. "तिचा... टक... गेला."

बाईंनी हात वर करून मधली पट्टी दाबली. पुन्हा दाबली. "मीच काढून टाकला रे तो," त्या म्हणाल्या, आणि तिथेच जमिनीवर बसून रडल्या. कप्तानने आपला चालता हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. अगदी कप्तानासारखा.

त्याच दुपारी बाईंनी ट्यूनरकाकांना फोन केला. काय काम आहे ते ऐकून काका भडकलेच. चाळीस वर्षांत आपल्याला कुणी बिघडवायला बोलावलं नाही, असं ते म्हणाले, आणि आपल्या कामाची ही थट्टा आहे का, असंही विचारलं. बाईंनी सगळी हकिकत सांगितली. मग काका एवढंच म्हणाले की शुक्रवारी येतो.

मित्रांनो, आता माझ्या मनातलं सांगतो. मला वाईट नाही वाटलं. ज्या नीटनेटकेपणाने ती पोर दाराबाहेर राहते, त्या नीटनेटकेपणाला काय जाळायचंय? मला बिघडवा, लवकर बिघडवा, असंच मी म्हणत होतो.

शुक्रवारी मास्तर आत येऊन काकांच्या शेजारी बसणार होते, कारण भिंगरी त्या पट्टीपाशी त्यांनाच घेऊन आली होती, आणि तो टक त्यांच्या ओळखीचा होता. मग व्हरांड्यात भिंगरीजवळ कोण थांबणार? टक गेल्याचं सांगूनही बायकोला पटत नव्हतं, तरी मास्तरांनी तिला गळ घातली. फक्त बाकावर बस, आत येऊ नकोस, असं सांगून आणलं. ती आली आणि बाकाच्या अगदी टोकाला अंग चोरून बसली. भिंगरी तिच्यासमोर फिरत होती.

काकांनी मधली पट्टी उचलली, हिरवी चकती काढली, आणि पट्टी परत बसवून दाबली. 'ठॉक्' असा आवाज आला. बाई दाराशी उभ्या राहून भिंगरीवर लक्ष ठेवून होत्या. भिंगरीचा पाय क्षणभर अडखळला, पण ती फिरतच राहिली. बाईंनी मान हलवली. हा नव्हे. काकांनी जाड कागद घातला. 'थप'. हाही नव्हे. पुठ्ठा घातला, चामडं घातलं, चकती कापून अर्धी केली. काहीच जमेना. जुनी चकती तर केव्हाच कचऱ्यात गेली होती. दुरुस्तीपेक्षा बिघडवणं अवघड असतं, हे काकांना त्या दिवशी कळलं. त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

मास्तर इतका वेळ गुपचूप बघत होते. त्यांनी हळूच विचारलं की ती जुनी चकती हाताला कशी लागत होती. काकांनी डोळे मिटून आठवलं. पातळ होती, म्हणाले. कडक. पण लाकडासारखी नाही. खळ लागून वाळलेल्या कापडासारखी.

हे ऐकताच मास्तरांचा चेहराच बदलला. आता गोष्ट त्यांच्या प्रांतातली होती. त्यांनी आपली पिशवी जमिनीवर उलटी केली. खिशाचं कापड, अस्तर, कॅनव्हास, आणि बकरम. बकरम म्हणजे शर्टाची कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते खळ लावलेलं कडक कापड. मास्तरांनी ओठांत टाचण्या धरल्या, अंगुस्तानाभोवती कात्री फिरवून बकरमचा गोल कापला, आणि काकांनी तो पट्टीखाली सरकवला.

'टिक'.

व्हरांड्यातली पावलं मंद झाली. काका आणि मास्तर एकमेकांकडे बघायला लागले. मास्तरांनी दुसरा गोल कापला, पहिल्यावर ठेवला, दोन्ही टाचणीने जोडले, आणि काकांनी टाचणी काढून ते घोटून घोटून दाबले. पट्टी बसवली.

टक. आणि मग सूर.

बाहेर पावलं थांबली.

भिंगरी दारात आली. कुणी हललं नाही. काका गुडघ्यांवर होते ते तसेच राहिले. ती माझ्यापाशी आली आणि तिने पट्टी दाबली. टक. वाकून खाली बघितलं. पुन्हा दाबली. टक. मग तिने चार सूर वाजवले आणि थांबली. मास्तर घाईघाईने बोट पुसत पुढे सरकले.

पण भिंगरी त्यांच्या अंगावरून पुढे गेली. दाराबाहेर गेली. आणि तिने आईची बाही धरली.

आईने घाबरून नवऱ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. बाईंनी नुसती मान हलवली. भिंगरीने आईला ओढत माझ्यासमोर आणलं, तिचं एक भेगाळलेलं बोट चिमटीत धरून मधल्या पट्टीवर ठेवलं, आणि हात काढून घेतला. चार सूर वाजवले. थांबली. आईने दाबलंच नाही. भिंगरीने पुन्हा चार सूर वाजवले. थांबली. या वेळी आईने दाबलं, पण इतकं भीत भीत की टकही झाला नाही आणि सूरही आला नाही. मी जीव खाऊन प्रयत्न केला हो, पण पियानोला स्वतःहून वाजता येत नाही.

मग भिंगरीने आपला अख्खा तळहात आईच्या हातावर ठेवला आणि दाबला.

टक.

हात तिने काढला नाही. पुढचे चार सूर तिने दुसऱ्या हाताने वाजवले.

"मला बोलावलं तिने," आई म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे. मास्तर ओठांतल्या टाचण्या एकेक काढून स्वतःच्याच बाहीत खोचत राहिले. ट्यूनरकाका पाठ फिरवून हत्यारं भरू लागले आणि एकच पक्कड त्यांनी तीनदा पेटीत ठेवली.

मित्रांनो, ही माझी कहाणी. माझं वय झालं आहे, तेव्हा दोन गोष्टी मागून घेतो. पहिली माझ्या देखभालीची: माझ्यावर गरम कप ठेवू नका, ओलं फडकं फिरवू नका, आणि झाकण वर्षानुवर्षं बंद ठेवू नका. वस्तू वापराने झिजते, पण न वापरण्याने कुजते. दुसरी गोष्ट जरा मोठी आहे. कुणाला नीट करायला निघाल, मग तो पियानो असो की माणूस, तर हत्यारं काढण्याआधी त्याच्याजवळ थोडं बसा. त्याला विचारा. बोलता येत नसेल तर बघत राहा. बोलायला वेळ लागत असेल तर थांबा. प्रेमाने केलेली चूकही चूकच असते, आणि ती सुधारायची तर आधी ऐकावं लागतं.

भिंगरीच्या आईने आता शुक्रवारची पाळी कायमची बदलून घेतली आहे. ती दर आठवड्याला येते, स्टुलाच्या कडेला बसते, आणि अजूनही तिचं बोट नेहमी उशिरानेच पडतं. भिंगरी तिच्यासाठी थांबते.